अंशचं डावं कोपर

शनिवार, ८ नोव्हेंबर

तो माणूस चेंडूकडे बघतच नाही! सकाळभर मैदानाच्या कडेला बसून मी हेच बघत होते. अंश चेंडू टाकतो, त्याचा बाबा, माझा वरद, टाळ्या वाजवतो, कोच वेग मोजायचं यंत्र धरून आकडा ओरडतात — आणि खैरुद्दीन बघतात माझ्या नातवाच्या पायांकडे. पाऊल दर वेळी त्याच जागी पडतं का. चेंडू वाईट गेला की चेहऱ्याचं काय होतं.

मूळचे पेशावरचे. स्वतः बेसबॉल खेळलेले. आता अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका अकादमीसाठी इथे आखातात खेळाडू हेरतात. यंदा एकच जागा आहे. अंश सोळाचा, आणि डावखुरा. 'लेफ्टी मिलते कहाँ हैं,' असं ते म्हणाले, तेव्हापासून वरदचे पाय जमिनीवर नाहीत.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही बेसबॉलच्याच जातीचं राउंडर्स खेळायचो. टीम निवडायच्या आधी सिस्टर बेनेडिक्टा हरलेल्या मुलींकडे बघत राहायच्या. कोण रुसते, कोण दुसरीला पाणी आणून देते. मला कधीच घेतलं नाही. मी रुसायची.

रविवार, ९ नोव्हेंबर

थर्मासमधला चहा देता देता आज विचारलंच. आज कसा टाकतो ते दिसतं, पण पुढे कसा टाकेल हे कसं कळतं?

हसले. 'खालाजान, आज का अंश तो सबको दिखता है. मुझे बाईस साल वाला देखना है.'

मग समजावून सांगितलं. खांदे रुंद आहेत पण भरलेले नाहीत, म्हणजे अंगात ताकद यायला अजून जागा आहे. पावलं मोठी, म्हणजे उंची वाढेल. जोरात टाकताना आणि मुद्दाम हळू टाकताना हात तसाच फिरतो, म्हणजे समोरच्याला आधी कळणार नाही. वरद किती उंच, सूनबाई शुभ्रा किती उंच, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, 'और दादाजी?'

मी सांगितलं — सासूबाई म्हणायच्या, मॅट्रिकनंतर प्रकाशची प्रत्येक पँट दिवाळीपर्यंत आखूड व्हायची. त्यांनी मन लावून ऐकलं. प्रकाश गेल्यापासून त्याची उंची कुणी विचारली नव्हती. परत येताना गाडीत उगीच छान वाटत होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शाळेतून आला की अंशच्या हातांना तेल चोळायचं, ही तो रांगत होता तेव्हापासूनची आमची रीत. शुभ्रा म्हणते, 'आई, घोडा झालाय तो आता.' तरी वाटी घेऊन येतो आणि हात पुढे करून फोन बघत बसतो.

आज डावं कोपर पूर्ण सरळ होईना. आतल्या बाजूला अंगठा टेकवला, तर हात मागे घेतला.

'आय ॲम फाइन, आजी. डोन्ट टेल बाबा, प्लीज.' एवढंही मराठीत नाही!

बुधवार, १२ नोव्हेंबर

फाइन नाही. आज कोपर गरम होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

खैरुद्दीन जेवायला आले होते. भरली वांगी दोनदा घेतली. वरदने फ्लोरिडाची हवासुद्धा बघून ठेवली आहे.

जेवता जेवता त्यांनी विचारलं, 'हाथ में कभी दर्द?'

'बिलकुल नहीं, भाईसाब,' वरद.

'नो सर,' अंश.

मी आमटी वाढत होते. वाढतच राहिले. मग न राहवून विचारलं, कुणी दुखणं लपवलं तर?

'वहाँ रोज़ फेंकना है, खालाजान. छुपाया, तो एक दिन कोहनी खलास.' आणि भात मागितला.



सोमवार, १७ नोव्हेंबर

खैरुद्दीन यांचा फोन. वरदला नाही, मला.

'परसों शनिवार को आखिर में कोहनी नीचे आ रही थी. मैंने सोचा थकान होगी. फिर याद आया, जब मैंने दर्द का पूछा, तो लड़के ने बाप को नहीं देखा. आपको देखा.'

म्हणजे शुक्रवारी जेवताना ते हेही बघत होते. किती बघतो हा माणूस!

मी खरं सांगितलं. प्रकाश असता तर त्यानेही सांगितलं असतं, असं स्वतःला म्हणत बसले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

स्कॅन झालं. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट थोडं फाटलंय. ऑपरेशन नको, पण उन्हाळ्यापर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. यंदाची जागा दुसऱ्या मुलाला गेली. खैरुद्दीन म्हणाले, हात बरा झाला की पुन्हा बघायला येईन, इन्शाल्ला.

वरद म्हणाला, 'दोन दिवस मैदानावर चहा वाटलास आणि एक्स्पर्ट झालीस, आई?' अंशने दार लावून घेतलं. वाटी ओट्यावर तशीच.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आजही आला नाही. आता मला 'नातवाला टीममधून काढणारी आजी' म्हणायला हवं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आला. वाटी माझ्यासमोर ठेवली, डावा हात पुढे केला. फोन आणला नव्हता.

'इथे दुखतं, आजी,' म्हणाला. मराठीत.