चार बोटांचं अंतर

घोडपदेव, मुंबई
२६ डिसेंबर १९५८

प्रिय राधा,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत आता बरी असेल. बाळंतपण होईपर्यंत जिना उतरायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावल्याचं तुझ्या आईकडून कळलं. आमच्याकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा थंडीत धरतो, तरी ऐकत नाही.

"पडून पडून कंटाळले, यंदाच्या खेळांचं तरी लिहून पाठव" हा तुझा निरोप येऊन दहा दिवस झाले. शाळेत असल्यापासून दर डिसेंबरात आपण चाळीच्या जिन्यावर बसून वर्षाचा निकाल लावत आलो. यंदा तू प्रभादेवीला अंथरुणावर, म्हणून पत्रातून.

क्रिकेटचं आधी. वेस्ट इंडीजची इथली कसोटी अनिर्णित सुटली. मी इराण्याच्या दारात उभी राहून रेडिओ ऐकला. आमचा लवू आतून ओरडत होता, "ताई, आत ये की, चहा पाजतो!" आत सगळे पुरुष. मी बाहेरच बरी होते.

माझ्या शाळेच्या मुली खो-खोत पहिल्याच फेरीत गेल्या. आदल्या दिवशी मी त्यांना चारित्र्यावर अर्धा तास सांगितलं होतं. एक पोरगी परत येताना म्हणाली, "बाई, भाषण कमी नि सराव जास्त हवा होता." मी हसले. आता तितकं हसू येत नाही.

मार्चमध्ये समितीच्या सभेला मैदान दिल्यामुळे हुतुतूचा सामना गोदामामागच्या पटांगणात झाला, आठवतं? दोन्ही संघांनी 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत हात मिळवले आणि मग कुशाबाभावोजी तीन गडी अंगावर घेऊन रेषेपर्यंत सरपटत आले. वर्षातली सर्वांत चांगली चढाई तीच. तुझा नवरा म्हणून म्हणत नाही.

नोव्हेंबरातल्या गिरणीच्या हुतुतू स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं काय लिहू? तू माझ्या शेजारीच होतीस.

इथवर लिहून पत्र तीन दिवस पडून होतं. आता लिहितेच. तू पाहिलंस तेच लिहिणार आहे, पण माझ्या हातून ते लिहिलं जायला हवं.

गुण बरोबरीत होते. शेवटची चढाई लवूची. भावोजींनी त्याचा घोटा धरला, तो आडवा पडला आणि रेषेकडे हात लांबवला. दम टिकवून रेषेला हात लागला तर सामना घोडपदेवचा, नाही तर प्रभादेवीचा. पंच पलीकडच्या बाजूला, मध्ये माणसांचा ढीग. पंचांनी विचारलं तेव्हा लवू म्हणाला, "लागला." भावोजी म्हणाले, "नाही लागला." मग ओरडाआरडा. बायकांचं बाकडं रेषेच्या टोकाशी होतं, म्हणून कुणीतरी आपल्या दोघींकडे बोट दाखवलं.

तेव्हा भावोजीच म्हणाले, "माझ्या बायकोची साक्ष नको. शांताताईंना विचारा. लवूची बहीण असल्या तरी खोटं नाही बोलायच्या. त्या म्हणतील ते मला कबूल."

ते असं का म्हणाले, ते मला माहीत आहे. रोज संध्याकाळी गॅलरीत मी चाळीला वर्तमानपत्र वाचून दाखवते. समितीचा उमेदवार कुठे पडल्याची बातमी असली की लोक म्हणतात, "ती सोड ग." मी सोडत नाही. हे तूच त्यांना कौतुकानं सांगितलं असणार.

लवूचं बोट रेषेपासून चार बोटं अलीकडे थांबलं होतं. दम तुटला होता. मी म्हणाले, "लागला."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई म्हणतात ना, मग लागला." तू पदर सावरलास नि म्हणालीस, "चला, जिंकली तुमची पोरं."

भावाच्या पोटासाठी बोलले असं लिहिलं तर तू कदाचित समजून घेशील. गिरणीचे अधिकारी जिंकणाऱ्या संघातला एक गडी कायम करणार होते, आणि भावोजी सहा वर्षं बदली कामगारच आहेत, कायम नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला त्यातलं काही आठवलं नाही. बी.ए. झाल्यापासून आमची चाळ मला 'बाई' म्हणते, मी आले की थट्टा थांबते. त्या दिवशी सगळी चाळ माझं नाव घेऊन ओरडत होती. मला त्यांच्यातली व्हायचं होतं. एवढंच.

लवूची निवड झाली. एक तारखेपासून गिरणीच्या साचेखात्यात कायम.

काल मी त्याला सांगितलं की समितीला, म्हणजे स्पर्धेच्या समितीला, खरं लिहून देणार आहे. वाटलं, भांडेल. तो नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, "ताई, मी 'लागला' म्हटलं ते जोशात. मला वाटलं, तू आहेस, तू 'नाही' म्हणशील, आणि सुटेन मी."

आई मात्र चुलीपुढून ओरडली, "आधी खोटा बोललंस, आता खरा बोलतंस. मदी माझ्या झिलाचो, लवूचो जीव कित्याक घेतंस?"

राधा, माझ्या खरं बोलण्यानं भावोजींना ती जागा मिळेलच असं नाही. उलट अधिकारी चिडून दोघांनाही कामावरून काढतील. महिनाभर गप्प बसले नसते तर ही वेळ आली नसती. रोज गॅलरीत जाऊन सीमाभागातल्या अन्यायाच्या बातम्या वाचत होते, आवाज चढवून.

निवेदनात तुझं नाव घातलेलं नाही. तू पाहिलंस, पण खोटं माझं एकटीचं आहे. उद्या पाच वाजता मैदानावर समितीपुढे मी ते वाचणार आहे. पत्र आजच कुणाच्या तरी हाती पाठवते आहे; भावोजींना पाठव. आले तर त्यांच्याकडे बघून वाचीन. नाही आले तरी वाचीन.

माफी मागत नाही. ती द्यायची की नाही, याचा भारही तुझ्यावर कशाला टाकू?

तुझ्या शेजारी बसून खोटं बोललेली,
शांता