तिसरी खोली

बाबा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या सिंदीच्या घराला तीन खोल्या आहेत. ते चुकलं. खोल्या दोनच आहेत; तिसरी मी तुमच्या सवयीने मोजली. ते पत्र मी कुठे टाकलं नव्हतं, हेही टाकणार नाही, पण चुकीचं लिहिलेलं तसंच राहिलं की मला झोप लागत नाही, म्हणून आधी हे.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. दादा अजून ते पुस्तक बैठकीतल्या कोनाड्यात, गणपतीच्या शेजारी ठेवतो. तुम्ही कापसाच्या ज्या जिनमध्ये कारकून होता, तिथल्या शेटजींचा मुलगा अमेरिकेत शिकून आला, सामान उपसताना त्याने ते रद्दीत टाकलं, आणि तुम्ही ते प्रसादासारखं दोन्ही हातांत धरून घरी आणलं. त्याचं नाव, शिकागो शहराची लोकसंख्या, उत्पन्न आणि घरे. आत गोष्ट नाही, चित्र नाही, नुसते तक्ते. गावच्या शाळेत मास्तर पेंगतात म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत तुम्ही मला घरीच शिकवलं, तेही त्याच पुस्तकातून. बाकीच्या मुली कमळ आणि बदक गिरवत होत्या तेव्हा मी कधी न पाहिलेल्या गावातल्या भाडेकरूंची टक्केवारी काढत होते.

त्यातलीच एक संध्याकाळ आहे. तुम्ही खाटेवर, मी खाली सतरंजीवर. आत आई कापसाच्या पऱ्हाट्या पेटवते आहे. त्या ओल्या आहेत, धूर दारातून आपल्यापर्यंत येतो आणि तुम्ही पुस्तकाने तो वारता. शिकवताना तुमची भाषा पुस्तकी होते. "तिथे घरांची अवस्था तीन प्रकारांनी लिहितात. चांगलं, खालावलेलं आणि मोडकळीला आलेलं. आणि काही बिचाऱ्यांना न्हाणीघरसुद्धा शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं." त्या बिचाऱ्यांसाठी तुमचा आवाज खरोखर हळवा झाला होता. आपण चौघंही रोज तांब्या घेऊन रुळांपलीकडे जात होतो.

आई आतून म्हणाली, "त्या बिचाऱ्याइले म्हनावं, इकडं या. रुळापलीकडं लय जागा आहे."

"तू मधात बोलू नको. तुले समजत नाई," तुम्ही म्हणालात. तिच्याशी बोलताना तुमची भाषा लगेच घरची व्हायची.

मग शिरगणतीसाठी घरं लिहायला एक मास्तर आले. त्यांना तुम्ही आधी शिकागो ऐकवलं. त्यांचा चहा निवून गेला. शेवटी त्यांनी विचारलं, खोल्या किती? तुम्ही म्हणालात, तीन. आई पदराने डोळे पुसत दारात आली.

"सैपाकाची काऊन धरता त्याच्यात? खिडकी नाई, धुराडं नाई. तिथं मानूस बसते का?"

"मग तू कोन आहे?" तुम्ही म्हणालात आणि हसलात. मास्तर हसले. दादाही हसला. आई परत आत गेली, कारण भाकर तव्यावर होती.

दोन वर्षांपूर्वी, मी शिकवते त्या शाळेतून मलाच शिरगणतीला पाठवलं. सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की जिथे फक्त स्वयंपाक होतो ती जागा खोलीत धरू नये. मी ते तीन वेळा वाचलं. ज्या माणसाला परक्या शहरातल्या भिंतींची अवस्था पाठ होती, त्याला आपल्या भिंतीत एक खिडकी पाडता आली नाही. त्याला लोक विद्वान म्हणत. मीही म्हणत असे.

आईचा खोकला आता थांबत नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, चुलीपासून दूर ठेवा, नाहीतर माझ्याकडे पुन्हा आणू नका. मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घर भाड्याने घेतलं. दिवाळीत दादाला सांगितलं, आईला तिथे नेते, तर तो म्हणतो, "माह्यं लगन होऊ दे, मंग ने. तवरिक सैपाक कोन करन?"

"चूल पेटवायला हात दुखतात का तुझे?"

"पोरीकडचे घर पाह्यले येऊन राह्यले. त्याइले म्या तीन खोल्या सांगतल्या."

"दोन आहेत, दादा."

"बाबानं सरकारले तीन लिहून देल्या. तू बाबापेक्षा शायनी झाली काय?"

लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थालाही त्याने कोनाड्यातलं पुस्तक काढून दाखवलं. मध्यस्थाने विचारलं, "वडील गेलते का शिकागोले?" दादा म्हणाला, "गेल्यावानीच." हे तुमचं पीक आहे, बाबा. तुमच्या खाटेवर तो आता तुमच्यासारखाच बसतो, आणि आत धूर तोच आहे.

मला भीती होती ती आईची. ती नाही म्हणाली असती तर माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता. मी विचारलं तेव्हा तिने आधी सुपातली ज्वारी पाखडून संपवली. मग म्हणाली, "तिथल्या खिडकीतून काय दिसते?"

"कडुनिंब."

"मंग ठीक आहे."

एक सांगायचं राहिलं. ते घर पाहायला गेले तेव्हा मी घरमालकिणीला विचारत गेले: खोल्या किती, पाणी घरात येतं की बाहेर, न्हाणीघर आपलं की वाटून. ती हसून म्हणाली, "बाई, घर घेऊन राह्यल्या का शिरगणती करून राह्यल्या?" तेव्हा लक्षात आलं, प्रश्न तुमचे होते, तुमच्याच क्रमाने. तेवढं तुमचं माझ्याजवळ आहे आणि ते टाकवत नाही.

पाहुणे रविवारी येतील. त्यांचा चहा दादा करेल, त्या तिसऱ्या खोलीत. आईला न्यायला मी सकाळच्या पॅसेंजरने येते आहे, शनिवारी, एकोणीस नोव्हेंबरला.