पंचगंगेचा आठ वाजताचा गाळ

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार
प्रोफेसरपदाची मुलाखत मार्चमध्ये. त्याआधी एक दणदणीत पेपर पाहिजे. विषय ठरला: पंचगंगेतला गाळ. उद्यापासून पहाटे साडेपाचला नदीवर. स्वतः. सहा ते सहा, दर दोन तासांनी पाण्याची एक बाटली. संशोधकाने नदीत उतरलंच पाहिजे, असं वर्गात ठणकावून सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. भारावली असावीत.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ८.४०
उठलो. सर्दी होणार असं वाटतंय. बाटल्या लॅब अटेंडंट गुंडूकडे दिल्या, त्याचं घर नदीजवळच आहे. जागा दाखवायला जाणार होतो, पण बूट नवे आहेत. सोयीची जागा बघून भर म्हणालो. व्हय सर म्हणाला. माणूस आज्ञाधारक आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार
अनुजाने सगळ्या बाटल्या गाळून, गाळ वाळवून, वजनं करून तक्ता दिला. (अनुजा माझी पीएचडीची विद्यार्थिनी, चंदगडची. हुशार आहे, पण ते तिला कळलंय हा प्रॉब्लेम आहे.) तक्ता बघून उडालोच! सहाला पाणी नितळ. आठला गाळ दहापट. दहाला परत नितळ. दुपारी चारला पुन्हा तेच. रोज! नदीला नाडी आहे आणि ती मला सापडली. नाव ठेवलं 'शशिधर-स्पंद'. स्वतःचं नाव द्यायला संकोच वाटला, पण दुसरं कोणी सुचवायला नव्हतं.
संध्याकाळी दूधकट्ट्यावर, जिथं समोरच म्हैस पिळून दूध देतात, एक ग्लास जास्त प्यालो. म्हशीवाले गणपतराव म्हणाले, आत्ताच नदीवर धुऊन आणलीया, बघा कशी चकाकतीया. जनावरांत मला रस नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार
दिवाळी पाडव्याच्या आठच्या बाटलीत चाळीसपट गाळ! पाडवा म्हणजे अमावास्येचा दुसरा दिवस, समुद्राला उधाण. म्हणजे कोकणातल्या भरतीचा दाब सह्याद्रीखालून पंचगंगेपर्यंत पोचतो. अंगावर काटा आला. हे आजवर कोणालाच कसं सुचलं नाही?
त्या दिवशी मीही बघायला निघालो होतो. पण शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी रस्त्यावर पळवत होते. स्कूटर पाऊण तास अडकली. या गावाला विज्ञानाचं काही पडलेलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार
अनुजा म्हणाली, सर, एकदा आठ वाजता नदीवर जाऊन बघूया, तिथं म्हशी... पुढं बोलू दिलं नाही. चंदगडात पाऊस फार, डोक्यात बुरशी धरते, असं सगळ्या लॅबसमोर म्हणालो. लॅब हसली. ती रडली. संशोधनात कातडी जाड लागते.
पेपरवरून तिचं नाव काढलं. पुढं हक्क सांगायला नको म्हणून लिहूनही घेतलं: 'या संशोधनात माझा काडीचाही वाटा नाही.' तिची सही, माझी सही, दोन साक्षीदार. एक प्रत जर्नलला. आपण दूरचं बघतो.

९ डिसेंबर, सोमवार
नदीवर जायचं राहिलं. धुकं.

२० जानेवारी २०२५, सोमवार
पेपर छापून आला! लेखक एकच. मी. अनुजाने गाइड बदलून मागितला. लगेच सही केली. मन मोठं पाहिजे.

११ मार्च, मंगळवार
मुलाखत झकास. बाहेरून आलेले तज्ज्ञ विजयसिंह सर माझ्या पेपरवर फिदा. म्हणाले, उद्या आठला आम्हाला तो स्पंद दाखवाच. अख्खी कमिटी येणार. प्रोफेसरपद खिशात. गजर साडेपाचचा.

१२ मार्च, बुधवार
सव्वासातला उठलो. नदीत कुठून उतरायचं माहीत नव्हतं, गुंडूला पुढं घातलं. सात पन्नास, पाणी नितळ. मी घड्याळ वर धरून म्हणालो, आता बघा.
आठला गणपतराव तीस म्हशी घेऊन उतरले.
आलं बघा सर टायमात, गुंडू म्हणाला. विजयसिंह सरांनी त्याला विचारलं, पाडव्याला काय होतं? पाडव्याला गावातली समदी म्हसरं धुत्यात की, पाणीच दिसत न्हाय, गुंडूने कौतुकाने सांगितलं. कमिटीतले एक जण हसता हसता पायरीवर बसले. तेवढ्यात गणपतरावांनी मला ओळखलं आणि पाण्यातून ओरडून विचारलं, काय साहेब, आज ग्लास घिऊन हितंच आलाय व्हय?
मला रडू आलं. डोळ्यांत गाळ गेला असं सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार
जर्नलला तातडीने कळवलं: वजनं, तक्ते सगळं अनुजाचं, चूक तिची, तिचं नाव लेखकांत घालावं. पहिलं. अनुजालाही फोन केला, तुला पहिलं नाव देतोय म्हणालो. ती म्हणाली, सर, माझा काडीचाही वाटा नाही, तुम्हीच लिहून घेतलंय. आवाज अगदी शांत होता. मुली फार लवकर निर्ढावतात.

२ एप्रिल, बुधवार
जर्नलने पेपर मागे घेतला. सोबत त्या कागदाची प्रत, माझ्या सहीभोवती लाल गोल. प्रोफेसरपद गेलं. अनुजाचा प्रोजेक्ट मंजूर झाला: म्हशी वजा करून नदीचा खरा गाळ किती. विभागाने मला तिच्या हाताखाली काम दिलंय. रोज आठला घाटावर उभं राहून म्हशी मोजायच्या आणि आकडा तिला द्यायचा.
उद्या सात पन्नासला नदीवर. स्वतः. गुंडू म्हणाला, बूट घालू नका सर, शेणात खराब हुतील.