दुसऱ्या जहाजाचं वय

रिठद

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागदाला मध्येच "साहेब आले, ठेवतो" म्हणता येत नाही.

बैठकीला रंग देताना भिंतीवरचा बाबांचा फोटो निसटला, काच फुटली. तोच, वाशिमच्या स्टुडिओवाल्यानं कोट-टाय चढवलेला. बाबांनी उभ्या जन्मात कोट घातला नाही, पण आपल्याकडे भिंतीवर जायचं तर कोट लागतोच. मागचा पुठ्ठा काढला तर आत मूळ फोटो निघाला. मुंबईच्या गोदीत उभे असलेले बाबा, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, मागे दोन जहाजं. आणि त्यांचा हात धरून झालरीच्या फ्रॉकमधली चारेक वर्षांची पोरगी. स्टुडिओवाल्यानं तिला कापून टाकलं होतं.

आई म्हणाली, "काहून इतकी निरखून राह्यली? तूच होय ते. तुह्या बापानं नेलं होतं तुले ममईले." मला मुंबई काही आठवत नाही. तरी मी खूश झाले, खरं सांगते. बाबा वर्षातून दहा दिवस यायचे. त्यांचा हात कधी धरला होता याचा पुरावा तरी मिळाला. लगेच तुला फोन केला. तू म्हणालास, "तूच ते, एक्क्याऐंशी सालची." दादा, तुला घरातल्यांचे वाढदिवस आठवत नाहीत, आणि समोर नसलेल्या फोटोचं साल बरं आठवलं! कुठेतरी पाणी मुरतंय, असं तेव्हाच वाटलं.

माझ्या लेकीनं, धम्मदीपानं, तो फोटो तिच्या मैत्रिणीच्या आजोबांना पाठवला. ते चाळीस वर्षं गोदीत होते. पुढचं जहाज त्यांनी नाव न वाचताच ओळखलं, अडुसष्टचं. म्हटलं, एक्क्याऐंशीशी जमतंय. तर म्हणाले, जुनं जहाज काही सांगत नाही ताई, ते तीस-तीस वर्षं दुरुस्तीला येत राहतं. फोटोचं साल सगळ्यात नव्या जहाजावरून धरायचं. मग त्यांनी मागच्या जहाजाचं नाव भिंगातून वाचलं. ते बांधलंच गेलं सत्त्याण्णवला.

सत्त्याण्णवला मी वीस वर्षांची होते. आणि बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. चौऱ्याण्णवला तू एकटाच मुंबईला गेलास आणि अस्थी घेऊन आलास. पुढे भिंतीवरचा पहिला फोटो ओलीनं खराब झाला, तेव्हा हा नवा तूच आणलास. कोणाची राख होती रे ती? आपण दर वर्षी पुण्यानुमोदन करतो, भंतेजींसमोर हात जोडतो, आई गावाला खीर वाढते. बेचाळिसाव्या वर्षी तिनं गळ्यातली पोत काढली, ती जित्या माणसासाठी?

परवा आईनं विचारलं, "काय म्हने तो जहाजवाला?" तव्यावरची भाकर जळत होती, तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, "तू म्हणलीस तेच. मीच होय ते." ती हसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणजे आता तुझ्या खोट्यात मीही आले. तुझा राग आहे, खूप आहे, पण इतकी वर्षं तुझं तोंड का उघडलं नाही ते त्या घडीला कळलं. तर मग मला तरी सांग. बाबा आहेत का? आणि त्या पोरीचं नाव काय ठेवलं त्यांनी?

तुझीच, आणि आता एकुलती नसलेली बहीण,
पौर्णिमा