आईच्या खोलीतला गारवा

मालाबोन,
१२ मे, मंगळवार

प्रिय आम्पीताई,

तुझ्या नेनिताचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या मालकांच्या आजोबांना उचलून बसवताना पट्टा बांधत जा, नुसतं हो हो म्हणू नकोस. त्यांचा खोकला कमी झाला का? इकडे आंबे उतरलेत. या वर्षी गोड आहेत म्हणतात, मी अजून खाल्ला नाही.

हे पत्र लूर्देस आणते आहे. शेजारच्या डोल्फोमामांची लूर्देस गं, परवा ती परत तुमच्या तायचुंगला निघते आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा चेहरा दिसला की माझ्या तोंडून 'सगळं छान आहे' एवढंच बाहेर पडतं. मार्चपासून मी तेवढंच बोलते आहे.

रविवारी तू म्हणालीस, मागे उन्हात पायऱ्या दिसतायत, चर्चला गेलीस का? मी हो म्हटलं. आई घरी झोपलीय म्हटलं. ताई, त्या हॉस्पिटलच्या पायऱ्या होत्या. आई वर तिसऱ्या मजल्यावर होती. घाबरू नकोस, काल तिला घरी आणलं. जिवंत आहे. हे पहिल्यांदाच सांगते, नाहीतर पुढचं तुझ्याच्यानं वाचवणार नाही.

आता सुरुवातीपासून सांगते.

नाताळात तू एसी पाठवलास तेव्हा आईला किती आनंद झाला होता, तू फोनवर पाहिलंसच. अर्धांगवायूनंतर ती पहिल्यांदा इतकी हसली. भिंत धरून गेली आणि लुळ्या हाताने त्याला कुरवाळून आली. तेव्हा हवाही गार होती, दुपारी तासभर लावला की भागायचं. मार्चमध्ये पत्रा तापायला लागला. दिवसभर लावावा लागला आणि बिल आलं. तू विजेसाठी पाठवतेस ते, औषधांचे, वर माझ्या शिलाईचे, सगळे मिळूनही पुरेनात. मी म्हटलं, ताईला सांगते.

आईने माझं मनगट धरलं. तिची जीभ जड झालीय, शब्द घोटाळतात, पण हे स्वच्छ बोलली. "सांगितलंस तर ती आणखी दोन वर्षं तिकडेच राहील. अकरा वर्षं झाली. मला गारवा नको, मला माझी पोरगी हवी."

म्हणून आम्ही एसी बंद ठेवला. आणि तुझ्यासमोर नाटक सुरू केलं.

तुझा फोन दर रविवारी दोन वाजता. मी दीड वाजता एसी लावायची. आई स्वतः पांघरूण मागायची आणि गळ्यापर्यंत ओढून बसायची. एकदा तू मला रागावलीस, आठवतं? "अगं, जरा कमी कर, आई कुडकुडतेय!" आणि आई म्हणाली, "बर्फात ठेवलंय गं मला हिने!" तू किती हसलीस. फोन ठेवला की आई भिंतीकडे बोट दाखवायची, "कर बंद. संपला खेळ."

डोल्फोमामा कुंपणापलीकडून चिडवायचे, "काय गं नेनिता, तुमचा एसी फक्त रविवारच्या प्रार्थनेला उठतो वाटतं?" मी हसण्यावारी न्यायची.

बाकीचे दिवस ओल्या चादरी टांगायच्या, आईचे पाय पाण्याच्या टबात, कोपऱ्यात पंखा. एप्रिलपासून पंखाही चुलीतून फुंकल्यासारखा वारा मारायला लागला. उन्हामुळे शाळा बंद झाल्या, रस्त्यावर कुत्रंही दिसेना. आईच्या अंगावर घामोळं उठलं. मी रात्री पावडर लावायची तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची, पण कधी हूं की चूं केलं नाही. जूनमध्ये करार संपतो, आम्पी येणार, हेच तिचं पालुपद.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, सगळं आईनेच ठरवलं, नेनिता बिचारी काय करणार. मलाही तसंच सांगायचं होतं. हॉस्पिटलात तसंच सांगितलं, मामांनाही तसंच. पण ते खरं नाही, ताई.

एप्रिलच्या शेवटी मला गणवेशांचं मोठं काम मिळालं. दहा ते चार दुकानात जायचं. एक दिवस घरी आले तर खोली गारेगार. आईने एकटीनेच एसी लावला होता. मी तिच्यावर ओरडले. "बिल कोण भरणार, तू?" असं म्हणाले. आपल्या आईला. ती लहान मुलासारखी मान खाली घालून बसली. दुसऱ्या दिवसापासून मी निघताना दाराच्या वरचं एसीचं मेन बटण पाडून जायला लागले. तिचा हात तिथे पोचत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच.

मागच्या बुधवारी सकाळपासूनच जीव घुसमटत होता. मी चपला घालत होते. आई म्हणाली, "नेने, आज लाव गं. थोडाच वेळ."

दोन महिन्यांत तिने पहिल्यांदा मागितलं होतं.

मी म्हटलं, "चार वाजता येते ना, मग लावू. तोवर थांब."

ती म्हणाली, "बरं." रागावलीही नाही. आणि मी बटण पाडून गेले.

चारला परत आले तर दार आतून अडत होतं. ढकलून आत शिरले. आई दारापाशी पडली होती, शेजारी खुर्ची आडवी. एका पायाने लंगडत तिने ती पलंगापासून दारापर्यंत कशी ओढत आणली असेल, देव जाणे. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. मी किंचाळले, मामा धावत आले, तीनचाकीत घालून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पडली. खुर्ची मी आधीच जागेवर ठेवली होती, ताई. तिला उचलायच्या आधी.

आता ती डोळे उघडते. पेज भरवली तर गिळते. बोलत नाही. मला ओळखते की नाही, कळत नाही. मी जवळ गेले की छताकडे बघते. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उष्णता लागली तर वाचणार नाही. एसी कालपासून एकदाही बंद केलेला नाही. शिलाई मशीन विकलं, त्यात पावसाळ्यापर्यंत निभेल. पुढचं मला माहीत नाही. खोलीत इतकं गार आहे की माझी बोटं आखडतायत, आणि मला तिथे बसवत नाही.

रविवारी तू म्हणालीस, मालकीण आणखी दोन वर्षांचा करार करायला मागे लागलीय, महिनाअखेरीला सही करू का, घरी सगळं नीट चाललंय तर? मी म्हटलं, कर. आईने ज्यासाठी दोन महिने अंग भाजून घेतलं, ते मी एका शब्दात देऊन टाकलं. तू येशील आणि मला विचारशील, याची मला भीती वाटली.

सही करू नकोस, ताई. किंवा कर, पण आता सगळं कळल्यावर कर. तू आलीस तर दोघी मिळून काय ते बघू. तुझा आवाज ऐकून आई कदाचित बोलेल. मला तिच्याकडून एकदा तरी शिवी ऐकायची आहे.

लूर्देसने यातलं काही वाचलेलं नाही, पाकीट मी शिवून बंद केलंय. उत्तर फोनवर दे. वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त गप्प राहू नकोस. आपल्या घरात एक माणूस गप्प झालंय, तेवढंच मला सोसवत नाही.

तुझी, तू अजूनही म्हणू दिलंस तर,
नेनिता