दोन्ही घरांतून

नाशिक, रविवार

प्रिय निकितास,

आईसमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून तुझ्या भावाजवळ हे पत्र देतोय. तुझे टाके दुखतात का अजून?

बाळ दूध नीट पितं. हातावरचे फोड सुकलेत, पायावर दोन नवे आलेत. कपडा घासला तरी कातडी सुटते. पट्टी बदलताना रडतं, मग झोपतं. हा आजार जन्माचाच आहे, बाळाला कायम जपावं लागेल.

आई इथे दवाखान्यातही सांगत सुटली होती, "सून ग्रहणात मेथी निवडत बसली, म्हणून झालं." काल डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोरच सांगितलं, की ग्रहणाचा काही संबंध नाही. आई आणि बाप, दोघांच्या रक्तातून आलं तरच बाळाला हा आजार होतो.

आईने मला विचारलं, "म्हंजी आपल्याकडून बी?"

मी हो म्हणालो. ती खिडकीशी जाऊन बसली. रात्री जेवलीही नाही.

आज सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "सुनेकडून आलं का हे?"

आई म्हणाली, "नाय, दोन्ही घरांतून आलंय."

वेळेवर जेवत जा. तुझ्या आईंना नमस्कार सांग.

तुझा,
गोरक्ष