तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

विनिपेग,
१ एप्रिल २०१४

ती. आजोबांना लारिसाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. येत्या बारा तारखेला, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, आमच्या कॉलेजात नाटक आहे. मी सत्तर वर्षांची खाष्ट सासू झाले आहे. केसांना पीठ फासतात. पीठ फासणारी टॅमसिन म्हणते, बिनपिठाचीही चालली असतीस. नाटकानंतरच्या मंगळवारपासून शेवटच्या परीक्षा. विंगेत माझ्या एका हातात काठी असते, दुसऱ्यात जीवरसायनाची वही. तालमीनंतर सगळे मिळून ताटभर पेरोगी हाणतो. असं वर्ष पुन्हा यायचं नाही.

आता खरं काम. तिसऱ्या रांगेत शेजारशेजारच्या दोन खुर्च्या राखल्यात, एक तुमची, एक आईची. आई म्हणाली की मी येईन, पण ते काही यायचे नाहीत. आजोबा, दर इस्टरला जेवताना तुम्ही दोघं ‘मीठ दे’, ‘घ्या’ यापलीकडे बोलत नाही. मला कंटाळा आलाय त्याचा. तिला खोटं पाडा. नाटकाला मध्यंतर नाही, आणि एकदा दार लागलं की प्राचार्यांनाही आत घेत नाहीत.

तुमची माया आहेच, ती त्या शनिवारी दिसू द्या.

तुमची, लारिसा

कॅनोरा,
६ एप्रिल २०१४

चि. लारिसा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. बाहेर बर्फ वितळतंय, आणि मला आपली ती पेरणीची कविता आठवली. चाळीस वर्षं शाळेत मी ती पोरांकडून घोकून घेतली. सगळ्यांत स्वच्छ आवाज तुझ्या आईचा. शेवटच्या कडव्याला वर्ग चिडीचूप व्हायचा.

त्याच आवाजानं ती नाटकात उभी राहते म्हणाली, आणि मी अडून बसलो. मास्तरच्या मुलीनं तोंड रंगवायचं? येणार नाही म्हणून तोंडावर सांगितलं. तरी पहिल्या प्रयोगाला कोट घातला, तिकीट खिशात घेतलं, आणि स्वयंपाकघरात बसून राहिलो. पडद्याच्या फटीतून ती माझी खुर्ची बघत होती, हे तुझ्या आजीनं नंतर सांगितलं. दारियानं नाटक सोडलं. मला तेव्हा वाटलं, जिंकलो.

या वेळी ट्रक धुऊन ठेवलाय. टाय नवा आहे. तू अभ्यास सोडू नकोस. म्हाताऱ्यावर जीव असू दे.

तुझा आजोबा, ओरेस्त

विनिपेग,
१४ एप्रिल २०१४

ती. आजोबांना नमस्कार.

खुशाली विचारत नाही, रागावले आहे. पावणेआठला आलात तुम्ही! दारावर माझी मैत्रीण केझिया होती. म्हणाली, टाय लावलेले एक आजोबा टोपी हातात धरून बाकावर बसले होते. आत हशा झाला की दाराकडे बघत होते. पहिल्याच वाक्याला मला तुमची रिकामी खुर्ची दिसली आणि मी अडखळले.

नाटक सुटल्यावर आई कोटाची बटणं लावत तुमच्यासमोरून निघून गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, की तेव्हा घरात बसले होते, आता दाराबाहेर; बरीच प्रगती आहे. उद्या पेपर आहे आणि वहीतलं अक्षर डोक्यात शिरत नाही.

उशीर का झाला, तेवढं कळवा. बाकी सगळं तुमच्या मनावर.

लारिसा

कॅनोरा,
१९ एप्रिल २०१४

चि. लारिसा हिस आशीर्वाद.

सांगायची लाज वाटते. आमच्या सस्कॅचवान प्रांतात घड्याळाचा काटा कुणी हलवत नाही. तुमच्याकडे मार्चमध्ये तास पुढे करतात. हिवाळाभर दोन्हीकडे एकच वेळ, म्हणून विसरलो. वाटेत पाणथळीवर रानहंस उतरत होते. वेळ हाताशी आहे म्हणून ट्रक थांबवून अर्धा तास बघत बसलो, जुन्या ओळी पुटपुटत. दाराशी आलो तेव्हा माझ्या घड्याळात पावणेसात. लवकर आलो म्हणून केवढा आनंद झाला गं! तुझ्या मैत्रिणीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

कोणत्या प्रांतात किती वाजले, हाच धडा मी जन्मभर शिकवला. तुझी आई पहिल्या बाकावर असायची. मास्तर हे विसरला, यावर ती कसा विश्वास ठेवील? तरी हे पत्र तिला दे. तुम्हा दोघींचा लोभ नाही उरला, तर उरतं काय?

आजोबा

विनिपेग,
२७ एप्रिल २०१४

ती. बाबांना दारियाचा नमस्कार.

लारिसानं पत्र माझ्यापुढे ठेवलं. पेपर बरे गेले म्हणते. यंदा इस्टरला आलो नाही, वाट पाहिली असेल.

घड्याळाचं मी खरं मानते. तुम्ही खोटं बोलत नाही, तेव्हाही बोलला नव्हतात. म्हणून मीही एक खरं सांगते. दार लागलं, शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, आणि मला हायसं वाटलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी निवांत नाटक बघितलं. पोरगी पहिल्या वाक्याला चुकली, मग अशी सावरली की मी टाळ्या वाजवायची विसरले.

बाहेर तुम्ही दिसलात. डोळे ओले होते तुमचे. वाटलं, आता हे रडतील आणि मला क्षमा करावी लागेल. म्हणून थांबले नाही.

लारिसाला वाटतं, घड्याळानं घात केला. तिला तसंच वाटू द्या.

एवढ्या लांब ट्रक हाकत येऊ नका. औषधं घेत जा. लोभ आहे, भेटीचा आग्रह नसावा.

दारिया